बिनबांगड्यांची भाकरी

जेवताना भाकरी हवी असली की अप्पा तोंडानं मागत नसत. उजव्या हाताचं पहिलं बोट वर करायचे आणि हवेत दोनदा गरगर फिरवायचे. चुलीपुढं बसलेल्या त्यांच्या बायकोची, निलव्वांची, पाठ त्यांच्याकडं असायची, तरी ते बोट त्यांना कसं दिसायचं देव जाणे. दुसरा वेढा पुरा व्हायच्या आत तव्यावरची टम्म फुगलेली भाकरी अप्पांच्या ताटात येऊन पडलेली असायची. मी सोलापुरात शिक्षक म्हणून आलो, त्यांच्या शेजारची खोली घेतली, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला जेवायला बोलावलं तेव्हा हा प्रकार पहिल्यांदा पाहिला. मला वाटलं, माशी हाकलतायत. पाहुण्यानं गप्प कसं बसायचं म्हणून मीही हात हलवला, तर माझ्याही ताटात भाकरी पडली.

अप्पा म्हणजे चन्नप्पा. मिलमध्ये साचेखात्यात जॉबर होते. साचेखातं म्हणजे जिथं माग चालतात ते खातं, आणि जॉबर म्हणजे बिघडलेल्या मागाला ताळ्यावर आणणारा माणूस. तिथं एका वेळी इतके माग धडधडत असतात, की शेजारच्याच्या कानाला तोंड लावून ओरडलं तरी त्याला फक्त वारा लागतो. म्हणून तिथली माणसं हातानं बोलतात. गळ्यावरून आडवा तळहात फिरवला की धागा तुटला. मिशीला पीळ दिला की साहेब आला. मूठ ओठांपाशी नेऊन कलती केली की चहा. आणि बोट वर करून दोनदा फिरवलं की कांडी संपली, दुसरी आण. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्यात घालायची सुताची नळी. ती संपली की माग थांबतो, आणि थांबलेला माग बघणं अप्पांना सहन व्हायचं नाही. भाकरी संपलेलं ताटही त्यांना तसंच वाटायचं.

चाळीस वर्षांत त्या धडधडीनं त्यांचे कान खाऊन टाकले. कान गेले त्याचं त्यांना फार दुःख नव्हतं. दुःख होतं ते गल्लीला, कारण कान गेल्यावर आवाज दुप्पट झाला होता. "मास्तर, तुमच्या खानावळीत आमटी लई पांचट असती म्हनं की!" असं ते आपल्या दारातून मला प्रेमानं विचारायचे, आणि खानावळवाला चार घरं सोडून राहायचा. पुढं आठवडाभर माझ्या आमटीत तळ दिसायचा. गल्लीत कुणाच्या मुलीला बघायला पाहुणे येणार असले की पोहे करायच्या आधी अप्पांना काहीतरी निमित्त काढून देवळात धाडलं जायचं.

त्यातून आमची घरं म्हणजे एका पत्र्याखाली सात खोल्या. मधल्या भिंती पत्र्यापर्यंत पोचायच्या आधीच बांधणाऱ्याचा उत्साह संपलेला, त्यामुळं वर हातभर फट. एका घरात फोडणी पडली की सातव्या घरात शिंक यायची. अशा ठिकाणी अप्पांसारखा माणूस राहतो म्हणजे काय होत असेल, याची कल्पना करा.

पण त्यांना ऐकू येत नव्हतं असं मी कधीच म्हणणार नाही. मिलचा भोंगा ते छातीनं ऐकायचे. आणि चहा तळहातानं. चार वाजता ते स्टोव्ह लाकडी फळीवर मांडायचे, पातेल्यात पाणी, पत्ती, गूळ नि आल्याचा ठेचा एकदमच घालायचे, आणि फळीवर पालथा हात ठेवून डोळे मिटून बसायचे. पाण्याला उकळी फुटायच्या बेतात आली की फळीला बारीक कापरं भरतं म्हणे. मी कितीदा तरी हात ठेवून बघितला, मला फक्त फळी लागली. ते मात्र एकदम डोळे उघडून "आली!" अशी आरोळी ठोकायचे, दूध ओतायचे, आणि साती घरांना कळायचं की चार वाजून दहा मिनिटं झाली. मग बशीत चहा, चहात चुरलेली कडक भाकरी, आणि मिशीला गूळ. या वेळी कुणी सोन्याची खाण सापडली म्हणून सांगायला आलं असतं तरी अप्पांनी त्याला बस म्हणून हात केला असता.

चहा तेवढा निलव्वांनी त्यांना करू दिला होता. चुलीच्या हद्दीत पाऊल टाकायची परवानगी नव्हती.

साठी झाली, मिलनं त्यांना नारळ, टॉवेल आणि हार देऊन घरी पाठवलं. त्यानंतर आठेक दिवसांनी मी त्यांच्याकडं जेवायला होतो, आणि एक विलक्षण गोष्ट घडली. अप्पांचं बोट फिरलं नाही. ताट रिकामं झालं, निलव्वांनी सवयीनं भाकरी टाकायला हात मागं आणला, तर अप्पांनी ताटावर तळहात आडवा धरला. "साकु," म्हणाले. म्हणजे कानडीत पुरे. मग उठून शिंक्यातलं फडकं सोडलं, त्यातली सकाळची गार भाकरी काढली आणि ती चावत बसले. निलव्वांच्या हातात गरम भाकरी तशीच राहिली. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. कुणीतरी न बोलता नोकरीवरून काढून टाकल्यासारखा झाला होता.

दुसऱ्या दिवशी अप्पा मला सिद्धेश्वराच्या तळ्यावर घेऊन गेले. कट्ट्यावर बसले, चौफेर नजर टाकली, जवळपास कुणी नाही याची खात्री केली, आणि ओरडले, "मास्तर, एक गुपित सांगतो!" काठावरचे बगळे उडाले.

"मिलमधी हुतो तवर माझं खानं धावतपळत," ते म्हणाले. "जेवलो की पायात चप्पल. ती कवा जेवती, काय जेवती, कुनाला ठावं? आता रिटायर झालो. परवा जेवून तितंच बसलो. तर तिनं चूल विझवली, आन मग ताट घेतलं. ताटात काय? तर पयली भाकरी. पयलीला तवा नीट तापल्याला नसतो, मास्तर. ती चिकटती, करपती. ती उतरून बाजूला ठेवल्याली. गारढोण. मी म्हनलं, हे काय? तर म्हनली, मला सवय हाय."

अप्पांनी आपलं पहिलं बोट माझ्यापुढं वर धरलं.

"लग्नाला बेचाळीस वर्सं झाली. रोज माझं बोट फिरलं. तिचं एकदाबी न्हाई. आन फिरवून दावनार कुनाला? चुलीपुढं तीच की!"

त्यांनी तिला 'तू बैस, मी करतो' असं म्हणून पाहिलं होतं. निलव्वांनी उलथनं दाखवलं होतं. बायको जिवंत असताना नवरा चुलीपुढं बसला तर गल्ली काय म्हणेल, आणि ज्याला पिठातलं ओ की ठो कळत नाही त्यानं ज्वारीची नासाडी का करावी, हे दोन मुद्दे त्यांनी मांडले होते. पहिल्या मुद्द्याची अप्पांना पर्वा नव्हती. दुसरा मात्र वर्मी लागला होता.

"भाकरी शिकनार मी," अप्पा म्हणाले. "तिला पाटावर बसवनार आन तव्यावरची तिच्या ताटात टाकनार. फुगल्याली पायजे. न्हाईतर पुन्ना उलथनं दावंल. तवर मला गरम भाकरी वर्ज. तुमास्नी येती न्हवं?"

येत होती. कुर्डुवाडीला मी बारा वर्षांचा असताना आईचा हात मोडला होता. वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आठ तास लोखंड बडवून यायचे, तेव्हा घरात भाकऱ्या बडवणारा मीच उरलो होतो. ही माहिती मी अप्पांना कधीतरी चहाच्या भरात दिली होती, आणि आता ती माझ्यावर उलटली. मी म्हटलं, अप्पा, कठीण आहे. त्यांनी माझ्या ओठांकडं बघितलं आणि त्यांचं ठरलेलं वाक्य म्हटलं. हट्टाला पेटलेल्या प्रत्येक मागाला ते हेच म्हणत आले होते.

"बगतोच की."

माझी शाळा सकाळची. दुपारी दोन वाजता 'तळ्यावर जाऊन येतो' असं गल्लीभर ऐकू जाईल असं सांगून अप्पा निघायचे आणि मागच्या बोळातून माझ्या खोलीत शिरायचे. धोतराच्या सोग्यात पीठ. मी एक पितळी परात आणि शेगडी पैदा केली. अट एकच घातली: खोलीत शब्द काढायचा नाही, कारण अप्पांचा एक शब्द म्हणजे सात घरांना आमंत्रण. अप्पांनी ती मान्य केली आणि पाळली. आम्ही दोघं मिलच्या भाषेत हातांनी बोलू लागलो. महिन्याभरात मी साचेखात्यात नोकरीला लागायच्या लायकीचा झालो.

अप्पांची भाकरी मात्र कशाच्याच लायकीची होईना.

ज्या बोटांनी चालत्या मागाशेजारी तुटका धागा डोळ्याचं पातं लवायच्या आत जोडला, त्या बोटांना ज्वारीचं पीठ जुमानेना. ज्वारीच्या पिठाला मुळात चिकटपणा कमी. आधणाचं पाणी घालून ते नीट मळलं नाही तर थापताना कडा चिरतात. चिरली की अप्पा गळ्यावरून तळहात फिरवायचे: धागा तुटला. परातीतून उचलताना दोन तुकडे झाले की पुन्हा तळहात. भाकरी थापताना हाताखाली आपोआप फिरत गेली पाहिजे. अप्पांची एका जागी बसायची, मधे पातळ आणि कडेला उंबरठ्याएवढी जाड. फुगायचं तर नावच नाही. अप्पा तिच्याकडं बघत राहायचे, मिशीवरचं पीठ झटकायचे, आणि दुसरा गोळा घ्यायचे. कपाळावरची विभूती आणि पीठ यांत फरक उरायचा नाही. रोज चारच भाकऱ्या, पण चारही होईपर्यंत ते पाठ सरळ करायचे नाहीत. मला वाटायचं, हा माणूस आता चिडेल, आता परात फेकेल. ते कधीच चिडले नाहीत. मला मात्र रोज चीड यायची, कारण त्या भाकऱ्या मला खाव्या लागायच्या.

टाकून देणं शक्यच नव्हतं. दुष्काळ सरून फार दिवस झाले नव्हते. रेशनचा तांबडा मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, खाऊन काढलेले दिवस सगळ्यांच्या जिभेवर ताजे होते, आणि ज्वारीचं पीठ उकिरड्यावर दिसलं असतं तर गल्लीनं आम्हाला उकिरड्यावर बसवलं असतं. जमतील तेवढ्या मी ताज्या खायचो. उरलेल्या आम्ही शेगडीवर वाळवून कडक करायचो आणि डब्यात भरायचो. सोलापूरची कडक भाकरी पापडासारखी पातळ असते, बोटानं दाबली की मोडते. आमची मोडायला वरवंटा लागायचा. चार वाजता अप्पा घरी जाऊन "आली!" म्हणून ओरडायचे, मला बोलवायचे, आणि मी खिशातून तो माल काढून चहात बुडवायचो. आपण केलेली भाकरी चहात विरघळते आहे की नाही, हे अप्पा टक लावून बघायचे.

एके दिवशी निलव्वा माझ्या दारात उभ्या राहिल्या. हातात शेंगाचटणीची वाटी होती. उखळात कुटलेली, तेल सुटलेली, लालभडक.

"मास्तर, आई आलीया काय तुमची?"

"नाही."

"भैन?"

"मला बहीण नाही, अव्वा."

"बरं," त्या म्हणाल्या आणि वाटी परत घेऊन गेल्या.

मला काहीच कळलं नाही. चटणी गेल्याचं वाईट तेवढं वाटलं. दोन दिवसांनी सकाळी नळावर माझी बादली रांगेतून आपोआप मागं सरकू लागली. बायका मला बघून पदर सावरायला लागल्या. शेवटी खानावळवाल्यानं मला बाजूला घेऊन मायेनं सांगितलं, "मास्तर, तरुण हाय तुमी. पर संसारी वस्ती हाय ही."

मग उलगडा झाला. दुपारी जेवणं आटोपली की निलव्वा आमच्या मधल्या भिंतीला डोकं लावून जमिनीवर आडव्या व्हायच्या. महिनाभर रोज त्यांना भिंतीपलीकडून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. बेचाळीस वर्षं भाकऱ्या थापलेल्या बाईला तो आवाज ओळखायला काय लागतं? मास्तर भाकरी करत असेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नाही. म्हणजे बाई आहे. पण थापताना बांगड्या वाजत नाहीत. बिनबांगड्यांची बाई रोज दुपारी एकट्या पुरुषाच्या खोलीत भाकरी करते, याचा अर्थ गल्लीनं लावायचा तो लावला होता. खरं सांगायचं तर अशी कुणी एखादी बिचारी असतीच, आणि माझ्यासाठी दोन भाकऱ्या थापत असती, तर तिनं गल्लीचं काय घोडं मारलं होतं? पण हा प्रश्न मी कुणाला विचारू शकलो नाही, कारण मला नळावर पाणी भरायचं होतं.

आणि निलव्वांनी त्यापुढची एक बेरीज केली होती. ती मात्र त्यांनी कुणाजवळ बोलून दाखवली नाही. नवरा दुपारी दोनला बाहेर पडतो. दोनलाच पलीकडं थापणं सुरू होतं. आणि नवऱ्याचं बोट फिरायचं थांबलं आहे.

त्या दिवशी अप्पा आले तेव्हा मी पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'पलीकडं आवाज जातो.'

अप्पांनी खुणेनं विचारलं, कसला? मी तर बोललोच नाही.

मी लिहिलं: 'भाकरीचा.'

अप्पा पाटीकडं बघत राहिले. मग माझ्याकडं. मग परातीकडं. महिन्याभरात पहिल्यांदाच त्यांनी अट मोडली, आणि तीही इतक्या हळू आवाजात की मला त्यांचा घसा बसला असं वाटलं.

"भाकरीला आवाज असतो व्हय?"

ते विसरून गेले होते. किती वर्षांपूर्वी तो आवाज त्यांच्यासाठी बंद झाला असेल कोण जाणे. घरात रोज दोन वेळा, हातभर अंतरावर तो आवाज होत होता आणि त्यांना फक्त भाकरी दिसत होती. मला एकदम गलबलून आलं. मी पाटी पुसत बसलो.

त्या दिवशी त्यांनी भाकरी केली नाही. घरीही गेले नाहीत, चहासुद्धा चुकवला. सहाच्या सुमाराला पलीकडं निलव्वांनी संध्याकाळच्या भाकऱ्यांना हात घातला. थाप, थाप, थाप. मी अप्पांचा हात धरला आणि भिंतीवर टेकवला.

अप्पांनी डोळे मिटले. चहाची फळी धरायचे तसा पंजा पसरला. पलीकडं एक भाकरी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. अप्पा हलले नाहीत. चौथीला त्यांचा दुसरा हात आपोआप मांडीवर पडू लागला. चार ठोके भरीव आणि पाचवा हलका, तिरका, सरकता. पुन्हा चार आणि एक. मी त्यांना महिनाभर 'फिरवा, भाकरी फिरवा' असं हातवारे करून सांगत होतो, पण फिरवायची केव्हा हे मला सांगता आलं नव्हतं. ते त्या पाचव्या ठोक्यात होतं. अप्पांनी जन्मभर मागाची चाल हातानं ओळखली होती. ही चाल त्यांना आता सापडली.

पलीकडचं थापणं थांबलं तरी अप्पा भिंतीपासून हात काढीनात. डोळे उघडले तेव्हा ते ओले होते. त्यांनी मिशीला उगाच पीळ दिला आणि बोळातून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते वेळेआधी आले. पीठ मळलं, गोळा परातीत ठेवला, आणि थापायला सुरुवात केली. चार आणि एक, चार आणि एक. भाकरी हाताखाली फिरू लागली. कडा न चिरता गोल वाढत गेली. पहिली तव्याला चिकटली, पहिलीचं ते असतंच. दुसरी तव्यावर पडली, वरून पाण्याचा हात फिरला, उलटली, आणि निखाऱ्यावर गेली. आम्ही दोघं उकिडवे बसून तिच्यावर वाकलो. एका बाजूला बुडबुडा आला. तो सरकला, पसरला, आणि बघता बघता सबंध भाकरी फुगून वर आली. मी टाळी वाजवणार होतो, तेवढ्यात मागं दार ढकललं गेलं.

पदर खोचून निलव्वा उभ्या होत्या. हातात निमित्ताला तीच चटणीची वाटी. त्यांच्या मागं नळावरच्या तिघी-चौघी. नंतर मला समजलं ते असं: महिनाभर निलव्वा भिंतीपलीकडच्या थापण्याला 'कुणाची तरी अडाणी थाप' म्हणून नाकं मुरडत होत्या. आज भिंतीतून त्यांना स्वतःची थाप ऐकू आली. चार आणि एक. हुबेहूब. कुणीतरी नवऱ्यापाठोपाठ आपल्या हाताची ढबसुद्धा चोरली, हे मात्र त्यांना सोसवलं नाही.

आणि बघतात तर शेगडीपुढं त्यांचा नवरा. कोपरापर्यंत पीठ, मिशीत पीठ, पाठ दाराकडं. अप्पांना काही ऐकू आलेलं नव्हतं. ते भाकरीकडं बघून हसत होते.

मी त्यांच्या खांद्याला हात लावला. ते वळले.

"माझ्या हातची नगं झाली व्हय?" निलव्वा म्हणाल्या. आवाज नाही, नुसते ओठ. पण अप्पांना ओठच पुरायचे. "गरम नगं म्हनलासा. शिळी खाल्लीसा. आन हितं येऊन सोताच्या हातानं... बेचाळीस वर्सांनी माझी भाकरी कडू झाली?"

अप्पा गडबडले. न बोलण्याची अट त्यांच्या इतकी अंगवळणी पडली होती, की ते हातांनीच सांगू लागले. बोट फिरवलं, गळा दाखवला, पुन्हा बोट, मग तिच्याकडं, मग शेगडीकडं. कांडी, धागा, माग, सगळं एकात एक गुंतलं. निलव्वांना त्यातलं काहीच कळेना. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते बघितलं आणि अप्पांचा धीर सुटला. त्या खोलीत महिनाभर कोंडलेला आवाज एकदम बाहेर पडला.

"अगं, तू बेचाळीस वर्सांत एक गरम भाकरी खाल्ली न्हाईस!"

पत्रा थरथरला. वरच्या फटींमधून ते वाक्य साती घरांत गेलं. पलीकडं कुणीतरी भांडी घासत होतं, ते थांबलं. त्यापलीकडं जातं चालू होतं, तेही थांबलं. दारातल्या बायका एकमेकींकडं बघेनात. प्रत्येकीनं खाली बघितलं. खानावळवाल्याची बायको तेवढी हळूच म्हणाली, "आमी तरी कुटं खाल्लीया?" आणि निघून गेली. बाकीच्याही एकेक करून गेल्या.

"कुंद्रु," अप्पा म्हणाले. बैस.

"परक्याच्या घरात?"

मी माझी चादर चौघडी घालून अंथरली. ताट पुसून पुढं ठेवलं. निलव्वा बसल्या, पण अशा की कुठल्याही क्षणी उठून तव्याकडं जाता यावं. अप्पांनी निखाऱ्यावरची भाकरी उचलली आणि त्यांच्या ताटात टाकली. भाकरीतून वाफ सुटली.

निलव्वांनी ती बघितली. मग सवयीनं अर्धी मोडली आणि अर्धी अप्पांपुढं धरली. अप्पांनी मान हलवली. त्यांनी माझ्यापुढं धरली. मीही हलवली. तेव्हा नाइलाज झाल्यासारखं त्यांनी एक घास चटणीला लावून तोंडात घातला. बोटं पोळली, जीभ पोळली, त्यांनी हाताला फुंकर घातली. जन्मभर निखाऱ्यावरून भाकऱ्या उचलणारी ती बाई. भाकरी तोंडात गेल्यावरही पोळते हे त्यांना नवीन होतं.

"पानी जास्त झालंया," त्या घास चावत म्हणाल्या. "कडा जाड हाय. निखारा कमी पडला."

अप्पा साहेबापुढं उभं राहावं तसे मान डोलवत होते. मग ते शेगडीकडं वळले आणि त्यांनी पुढचा गोळा परातीत घेतला. चार आणि एक, चार आणि एक.

निलव्वा खात होत्या. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून ते तसंच होतं. भाकरी संपली. ताटात चटणीचं तेल तेवढं राहिलं. त्यांनी अप्पांच्या पाठीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी लगबगीनं पाण्याचा तांब्या भरायला वळलो, पण नजर काही मला पूर्ण वळवता आली नाही.

त्यांचा उजवा हात गुडघ्यावरून जरासा उचलला. खाली गेला. पुन्हा उचलला. पहिलं बोट वर झालं आणि लाजत लाजत, एखाद्या नव्या नवरीसारखं, हवेत फिरू लागलं.

अप्पांची पाठ त्यांच्याकडं होती, आणि कान तर केव्हाच गेलेले. पण दुसरा वेढा पुरा व्हायच्या आत निलव्वांच्या ताटात गरम भाकरी येऊन पडली.